गवताच्या आधी पाण्याची वाट



आज भातावर नाही, अंगणावर लिहितोय. आपल्या मावळात आता बऱ्याच जणांनी घराशेजारी दोन-चार खोल्या काढल्यात. लोणावळा बघायला आलेली पुण्या-मुंबईची माणसं मुक्कामाला येतात, त्यांना बसायला हिरवळ लागते. खरं गवत आपल्या पावसात चार माणसं फिरली की चिखल होतं. म्हणून सगळे प्लास्टिकचं गवत घालतायत. मी पण घातलं. एकदा चुकीचं आणि एकदा बरोबर. दोन्ही सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

आमचं घर कार्ल्याच्या अलीकडं. अंगण एक गुंठा, 33 फूट बाय 33 फूट. वडलांच्या काळात तिथं भाताचं खाचर होतं. मे 2024 मध्ये ठेकेदारानं जेसीबीनं जागा सपाट केली, दोन इंच मुरूम टाकला, रोलर फिरवला आणि गवत अंथरलं. दोन दिवसांत काम झालं. मी पण खूश होतो, त्याला काही विचारलं नाही.

मग जुलै आला. 25 जुलैच्या सकाळपर्यंतच्या 24 तासांत लोणावळ्यात 300 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. आमच्याकडं तेवढा पडत नाही. घाटाकडून वडगावकडं येऊ तसा पाऊस झपाट्यानं कमी होतो. पण त्या रात्री आमचंही काही खरं नव्हतं. सकाळी बघतो तर अंगणात पोटरीएवढं पाणी, आणि गवत चादरीसारखं फुगून वर आलेलं. खाचराचे जुने बांध तीन बाजूंनी तसेच ठेवले होते ना! शेवटी एक कोपरा फुटला आणि सगळं पाणी खालच्या अंगाला चुलतभावाच्या खाचरात घुसलं. त्याची आवणी होऊन दहाच दिवस झाले होते. त्याचा बांध गेला, दोन गुंठे रोप गाळासकट ओढ्याला लागलं.

तो एवढंच म्हणाला, "दादा, तुझं गवत बारमाही हिरवं. माझं गेलं." दिवाळीच्या आधी झोडणी झाल्यावर मी एक पोतं भात त्याच्याकडं घेऊन गेलो. त्यानं घेतलं नाही. म्हणाला, "भात नको मला. पाण्याची वाट बदल."

तेव्हा मी हिशेब करायला बसलो. सोपा आहे, पाठ करून ठेवा. एका गुंठ्यावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण 100 लिटर पाणी. 200 मिलिमीटर पडला तर 20,000 लिटर, म्हणजे 10,000 चे दोन टँकर. आमच्या अर्ध्या गुंठ्याच्या पत्र्याचं पाणीही अंगणातच पडत होतं, तो आणखी एक टँकर. गवताला भोकं असतात, त्यातून पाणी लगेच खाली जातं. पण खाली चिकणमाती. तिच्यात तासाला 1 ते 5 मिलिमीटर पाणी मुरतं. त्यात आमची जागा जुनं खाचर. आपण चिखलणी करतो ती कशासाठी? मातीचे कण मोडून भोकं बुजावीत आणि पाणी उभं राहावं म्हणून. वडगाव मावळच्या केंद्रातून 1987 ला इंद्रायणी आली, तेव्हापासून आम्ही ह्या जागेत पाणी धरून ठेवायचंच काम केलं. जमीन आपलं शिकलेलं काम करत होती, चूक माझी होती.

बरेच जण म्हणाले, शोषखड्डा घे. आधी परीक्षा घेतली. दीड फूट खोल खड्डा काढला, संध्याकाळी पाण्यानं भरला. सकाळी पुन्हा भरून काठीवर खूण केली. चार तासांत पाणी जेमतेम अर्धा इंच उतरलं. अशा मातीत शोषखड्डा म्हणजे टाकीच. एकदा भरली की भरली. इथं पाणी मुरवायचा नाद सोडायचा, ते बाहेर काढायचं.

काम असं केलं:

1. पत्र्याला पन्हाळ लावून ते पाणी वेगळ्या पाइपानं काढलं. तीनातला एक टँकर इथंच कमी होतो.

2. गवत गुंडाळून ठेवलं, मुरूम काढला आणि मातीलाच ढाळ दिला. 33 फुटांत 4 इंच. मिस्त्रीची पाण्याची लेव्हल नळी लावून बघितलं, नजरेवर विश्वास ठेवला नाही. वर ढाळ आणि खाली माती सपाट असली तर पाणी खाली तसंच साचतं.

3. दोन चर काढले, दीड फूट खोल. त्यात जिओटेक्स्टाइल कापड, 4 इंची भोकांचा पाइप आणि भोवती 20 एमएम खडी, मग कापड वरून दुमडलं. कापड नसेल तर बारीक गाळ खडीत शिरून वर्ष-दोन वर्षांत चर बंद पडतो. कृष्णाकाठी सांगली-कोल्हापूरकडं चिबड, खारवट उसाच्या जमिनी अशाच भोकांच्या पाइपांनी सुधारतात.

4. मातीवर कापड, त्यावर 5 इंच खडी, वर 1 इंच बारीक खडी. क्रशरची भुकटी वापरली नाही, ती दाबून बसते आणि पाणी अडवते. मग जुनंच गवत परत अंथरलं.

5. चरांचं पाणी ओढ्याला सोडलं. चुलतभावाच्या खाचरातून गेलो असतो तर 20 फुटांत काम होतं. माझ्या बांधाकडेनं 90 फूट पाइप लागला. तोंडाला जाळी बसवली, नाहीतर खेकडे आणि उंदीर घर करतात. खाली दगड रचले, म्हणजे काठ खचत नाही.

हे सगळं फेब्रुवारी-मार्चमध्ये, जमिनीला वापसा असताना केलं. एप्रिलनंतर ही माती दगड होते आणि पाऊस पडला की लोणी. 2025 ला मान्सून 26 मेलाच पुण्यात आला. ज्यांनी मेअखेरीवर काम ढकललं होतं त्यांचे चर उघडेच भरले.

गवतापेक्षा त्याच्याखालच्या कामाला जास्त पैसे गेले. पण त्या पावसाळ्यात अंगणात पाणी थांबलं नाही. जुलैत भर पावसात चुलतभावाला ओढ्यावर घेऊन गेलो आणि पाइपाचं तोंड दाखवलं. त्यानं पाणी बघितलं, मग आपल्या खाचराचा बांध बघितला. म्हणाला, "चल, चहा टाकायला सांग वहिनीला." वर्षभरानं तो आमच्या ओट्यावर बसला.

गवत घालणाऱ्याला भाव विचारायच्या आधी एवढं विचारा, की पाणी कुठून निघणार आणि कुणाच्या रानात जाणार. तुमच्याकडं कुणी असं काम केलं असेल तर माती कोणती आणि ढाळ किती दिला ते लिहा, बाकीच्यांना उपयोग होईल.