शिसपेन्सिल आणि नळ

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात पाण्याचे जाणकार फार. पूर्णेच्या खोऱ्यात, शेगाव-संग्रामपूरकडे, खारपाणपट्टा पसरलेला असल्यामुळे जिभेला हे शिक्षण घ्यावंच लागतं. मुलगी द्यायला निघालेला बाप पगार आणि शेती नंतर विचारतो. आधी तांब्यातला घोट घेऊन "पाणी तं गोड हाय बा!" असा शेरा मारतो. लोणारला तर विवराच्या तळाशी खारं सरोवर आणि काठावर गोड्या पाण्याची धार, अशी निसर्गानेच आमच्या जिभेची परीक्षा मांडून ठेवली आहे.

पण ही पंडित जीभ एका विषयात साफ नापास. तो विषय म्हणजे शिसं. पाण्यात उतरलेल्या शिशाला ना चव, ना वास, ना रंग.

शिसं म्हटलं की शाळेत आपल्याला एकच वस्तू आठवते, ती म्हणजे शिसपेन्सिल. ती चोखली म्हणून आजवर पोरांच्या पाठीत जेवढे धपाटे बसले, ते सारे अन्यायाचे. तिच्यात शिसं नसतंच. असतं ते ग्राफाइट आणि चिकणमाती. खरं शिसं सापडू शकतं ते जुन्या पितळी नळात, जोडावर दिलेल्या डागात आणि जुन्या पीव्हीसी पाइपात. लॅटिनमध्ये शिशाला 'प्लंबम' म्हणतात आणि 'प्लंबर' हा शब्द त्यावरूनच आला. आता बोला! पीव्हीसी पाइपातल्या शिशासाठी सरकारने २०२१ मध्ये नियम केले. पण आधीच भिंतीत गाडलेल्या पाइपांना ते कोण वाचून दाखवणार?

हे मी आमच्या एका मास्तर मित्रांना सांगितलं. ते म्हणाले, "अहो, इतक्याशा शिशाने काय होते?"

इतकंसं म्हणजे किती? पिण्याच्या पाण्याला आपल्याकडे मर्यादा आहे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम. दहा हजार लिटरच्या टँकरमागे गुंजभरसुद्धा नाही! लहान मुलांचं शरीर तर मोठ्यांच्या चार-पाच पट शिसं शोषून घेऊ शकतं. ते मेंदूवर बसतं. पोराचं लक्ष लागत नाही, पाठांतर टिकत नाही. २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस गळू लागले, तेव्हा निदान कंगव्याने तरी चाहूल दिली. शिसं कंगव्यालाही कळू देत नाही. मग आपण त्या पोराला काय म्हणतो? 'ढ'! त्याला बाकावर उभं करतो आणि नळ मात्र कोपऱ्यात मजेत ठिबकत असतो.

मास्तर जरा गप्प झाले.

अमेरिकेतल्या फ्लिंट शहराने २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला आणि जुन्या पाइपांतलं शिसं घरोघर पोचलं. भाग गंजतात म्हणून मोटारींच्या इंजिन-कारखान्याने ते पाणी त्याच वर्षी बंद केलं. शहरातल्या पोरांना मात्र आणखी वर्षभर तेच पाजलं गेलं. पोरांपेक्षा इंजिनाला जपणारी माणसं सगळीकडेच असायची!

"मग उकळून देऊ की," मास्तर म्हणाले. उकळल्याने जंतू मरतात. शिसं जागचं हलत नाही. उलट पाणी आटेल तसं त्याचं प्रमाण वाढतं. शनिवारी दुपारी शाळा सुटली की पाणी सोमवारपर्यंत पाइपात मुक्कामाला. शिसं उतरायला एवढी सवड पुष्कळ झाली. म्हणून सोमवारचं पहिलं पाणी पोरांच्या पोटात नको आणि खिचडीच्या पातेल्यातही नको. अर्थात, आठ-आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावात "पाणी सोडून द्या" म्हणणाऱ्याला लोक त्याच बादलीत बुडवतील. तेव्हा सोडायचं नाही. बादलीत धरायचं आणि फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरायचं.

२ ऑक्टोबर २०२० ला जल जीवन मिशनने शाळा-अंगणवाड्यांत नळ पोचवण्याची मोहीम सुरू केली. नळ पोचला, हे झकास झालं. आता रात्रभर मुरलेल्या पहिल्या पाण्याची एक बाटली प्रयोगशाळेतही पोचू दे.

परवा मास्तर सकाळीच बाटली घेऊन नळापाशी उभे दिसले. शिपायाने विचारलं, "काहून बा, नयाले काय झालं?"

"त्याची परीक्षा आहे," मास्तर म्हणाले. "तो पास झाला की मग पोरांची घेऊ."