माळवदाखालचा गारवा

लातूरहून औसा, लामजना असे करत किल्लारी गाठली की प्रथम नजरेत भरतात ते सरळ, रुंद रस्ते आणि परस्परांपासून अंतर राखून उभी असलेली घरे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाची रात्र सरता सरता, जुने गाव कोसळले. पुढे या पट्ट्यातील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली.

जुन्या घरांच्या काळ्या दगडी भिंती दोन-अडीच फूट रुंद, वर पांढऱ्या मातीचे माळवद. बाहेर वैशाख वणवा पेटला तरी आत गारवा असे. पण मातीच्या गाऱ्यात रचलेल्या या भिंतींच्या दोन थरांना बांधणारे आरपार दगड बहुधा नसत, आणि माळवदावर वर्षानुवर्षे माती चढतच गेलेली. भिंती फाकल्या, सारा भार निजलेल्यांवर आला. त्यानंतर कित्येक वृद्ध दगडी भिंतीआड झोपायला धजत नसत; पत्र्याखाली निजत.

नव्या घरांत ते भय उरले नाही, मात्र दुपारी स्लॅब तापतो. उतारवयात घाम कमी येतो, तहानही उशिरा जाणवते; म्हणून उष्म्याचा फटका आजी-आजोबांना आधी बसतो. येथील खरी वास्तुकला मला लोकांनी मागाहून जोडलेल्या पडवीत दिसते: पश्चिमेला कडुनिंब, सावलीत आजोबांची बाज. स्लॅबला फेब्रुवारीतच चुन्याचा हात द्यावा. नांदेडकडे अजून माळवदाखाली राहणाऱ्यांनी मात्र वरची जादा माती उतरवावी आणि अभियंत्याच्या सल्ल्याने भिंतींत आरपार सांधे बसवून घ्यावेत. तेवढे दिवस आजोबांची बाज अंगणात.