घरी राहिलेल्या डोळ्यांसाठी

व्यापारी कुटुंबांत प्रवास कधी थांबत नाही. मालासाठी, यात्रेसाठी, सोयरिकीसाठी कोणी ना कोणी सतत गावाबाहेर असते. पूर्वी परतणारा माणूस घरी राहिलेल्यांसाठी थोडा खाऊ आणि पुष्कळसे वर्णन घेऊन येई. जेवणे झाली की माजघरात बैठक जमे आणि तो सांगत राही. आता तो छायाचित्रे घेऊन येतो. पडद्यावर बोट फिरत राहते, दहा मिनिटांत तीनशे चित्रे सरकून जातात, आणि पाहणारा ‘छान, छान’ म्हणत उठतो. त्याला त्यांतले नेमके काय दिसले, हे सहसा कोणी विचारीत नाही. हा प्रश्न मला पडला तो आमच्या अक्कांच्या दृष्टीमुळे.

अक्का म्हणजे माझ्या मातोश्री. वय ८४. काही वर्षांपासून त्यांच्या दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज होत आहे. समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, पण कडेने येणारी व्यक्ती कळते. गेलेली दृष्टी परत येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. उरलेली किती काळ टिकेल, याची हमी कोणी देत नाही. मोठा आकार, भरपूर उजेड आणि गडद-फिक्यातला ठळक भेद असला, तरच एखादे चित्र त्यांना उमगते.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही वेरूळ-अजिंठ्याला जाण्याचे ठरविले. त्याच सुमारास मुलाने मला नवा स्मार्टफोन घेऊन दिला होता. निघण्यापूर्वी मी अक्काला विचारले, “तुझ्यासाठी काय आणू?” ती म्हणाली, “वस्तू काही नको. मला तीन चित्रे आण. कैलास लेण्यातला हत्ती, इंद्रसभेतला जिना, आणि वर अंबिकेच्या डोक्यावरचे आंब्याचे झाड.” १९६५ साली, लग्नानंतरच्या पहिल्याच प्रवासात, ती आमच्या अण्णांबरोबर एस.टी.ने तेथे गेली होती. हत्तीच्या सावलीत बसून दोघांनी दशम्या खाल्ल्या होत्या. त्या प्रवासाचे एकही छायाचित्र घरात नाही, आणि अण्णाही आता नाहीत.

अशा रीतीने माझ्या शिक्षणाला तीन चित्रांचे ध्येय मिळाले. गुरू होती माझी महाविद्यालयात शिकणारी नात, आणि पहिली शाळा भरली ती आमच्या सांगलीतील हळदीच्या अडत दुकानात. तिने प्रथम भिंगावरून मऊ सुती कापड फिरविले. “आबा, खिशातला फोन दिवसभर बोटांचे ठसे गोळा करतो. अर्धा धूसरपणा तिथेच असतो,” ती म्हणाली. मग तिने पडद्यावर उभ्या-आडव्या रेषांची जाळी सुरू केली. त्या रेषांशी दाराची चौकट जुळविली की चित्र कलत नाही. पडद्यावर ज्या वस्तूवर बोट टेकवावे, तिच्यावर कॅमेऱ्याची नजर स्थिरावते, आणि बोट थोडा वेळ दाबून ठेवले तर ती तेथेच बांधली जाते. शेजारी दिसणारे सूर्याचे चिन्ह खाली ओढले की चित्र गडद होते, वर नेले की उजळते. दोन बोटांनी चित्र ताणून दूरची वस्तू जवळ आणू नये, असेही तिने बजावले. मुख्य भिंगाच्या पलीकडे ताणलेले चित्र हे बहुधा कापून मोठे केलेले असते आणि त्यात नवा तपशील येत नाही. त्यापेक्षा आपणच चार पावले पुढे जावे.

प्रकाशाचा धडा मात्र मला नव्याने शिकावा लागला नाही. हळदीचा सौदा करताना जाणता व्यापारी हळकुंड मोडतो आणि आतला रंग दिवसाच्या उजेडात पाहतो. दिव्याच्या पिवळ्या प्रकाशात सगळाच माल चांगला दिसतो. नातीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मग तुम्हाला अर्धी फोटोग्राफी येतेच.”

वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत. सकाळी त्यांचे दर्शनी भाग सावलीत असतात आणि दुपारनंतर ऊन आत शिरू लागते. म्हणून आम्ही सकाळचा वेळ देवगिरी किल्ल्यावर घालविला आणि दुपारी वेरूळ गाठले. (मंगळवारी वेरूळ आणि सोमवारी अजिंठा बंद असतो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.)

क्रमांक १६ चे कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, डोंगर वरून खाली कोरीत घडविले गेले. मागचा कडा सुमारे ३० मीटर उंच आहे. अंगणात उभे राहून फोन वर कलविला की मंदिर मागे पडल्यासारखे दिसते, कारण भिंग वर कलले की उभ्या रेषा वरच्या बाजूला एकत्र आलेल्या दिसतात. फोन सरळ उभा धरून शक्य तितके मागे सरकणे, हा त्यावरचा उपाय. अंगणातले दगडी हत्ती भग्न आहेत, त्यांच्या सोंडा तुटलेल्या आहेत. हत्तीचे पहिले चित्र स्वच्छ आले, पण ते पाहून नात म्हणाली, “पणजीला हा हत्ती मांजराएवढाही वाटू शकेल. मोजायला काहीतरी हवे.” मग पांढरा सदरा घातलेला मी त्या काळ्या दगडाच्या पायाशी जाऊन उभा राहिलो आणि चित्र तिने घेतले. माणूस आला आणि हत्तीला उंची आली.

जैन लेणी तेथून उत्तरेला, डोंगराच्या दुसऱ्या टोकाशी आहेत. क्रमांक ३० ते ३४ ही ती लेणी, आणि ३२ व्या लेण्याला इंद्रसभा म्हणतात. वरच्या मजल्यावर जाणारा जिना अंधारा आहे. फोनचा दिवा लावून पाहिला, तर पायऱ्या सपाट भिंतीसारख्या दिसू लागल्या. उठावाचे काम सावलीमुळे दिसते आणि समोरून पडणारा प्रकाश ती सावलीच पुसून टाकतो. दिवा बंद केला आणि वरून झिरपणाऱ्या उजेडाची वाट पाहिली, तेव्हा प्रत्येक पायरीची कड फिकट रेषेसारखी उमटली. अक्काला नेमकी तीच कड हवी होती, कारण त्या पायऱ्या ती कधीकाळी चढली होती.

वर सिंहावर बसलेली अंबिका आहे आणि तिच्या मस्तकावर फळांनी लगडलेला आम्रवृक्ष. येथे रात्रीच्या छायाचित्रणाची सोय वापरली. तीत फोन दोन-तीन सेकंदांत अनेक चित्रे घेतो आणि त्यांची एक जुळणी करतो. तोवर हात हलता कामा नये. शिल्पाला वा खांबाला टेकणे योग्य नाही, म्हणून जमिनीवर मांडी घालून कोपरे गुडघ्यांवर टेकविली, श्वास रोखला आणि बोटाच्या धक्क्याने फोन हलू नये म्हणून तीन सेकंदांनी आपोआप चित्र घेणारी सोय लावली. आठ वेळा घेतल्यावर एक चित्र पाने दाखविणारे निघाले.

दुसऱ्या दिवशी अजिंठ्याला गेलो. तेथे चित्रांच्या रक्षणासाठी फ्लॅशला मनाई आहे. त्या मंद प्रकाशात मला रॉबर्ट गिल यांची आठवण झाली. मद्रास सैन्यातल्या या अधिकाऱ्याची १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक झाली. अनेक वर्षे खपून त्यांनी त्या केल्या, आणि १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यांतल्या बहुतेक नष्ट झाल्या. त्यांनी कॅमेऱ्यानेही लेणी टिपली. जे येथवर येऊ शकत नाहीत त्यांनाही त्या साऱ्या खटाटोपामुळे हे पाहता येणार होते. त्यांच्या वर्षांपुढे माझे आठ प्रयत्न अगदीच किरकोळ.

घरी आल्यावर निवड करावयाची होती. एकूण २१२ चित्रे निघाली. गोदामात न खपणारा माल पडून राहिला तर खपणाऱ्या मालाला जागा उरत नाही, हे आपल्याला सांगावयास नको. सौ.ने आणि मी बसून १४ चित्रे ठेवली. अक्काची तीन मोठ्या कागदावर छापून घेतली. त्यासाठी मूळ चित्र पेनड्राइव्हवर नेले, कारण संदेशातून पाठविलेले चित्र बहुधा लहान होऊन पोहोचते. १२ मेगापिक्सेलच्या मूळ चित्रातून सुमारे १३ × १० इंचांची सुबक प्रत निघते. छापणाऱ्याला गडद-फिक्यातला फरक थोडा वाढविण्यास सांगितले.

अक्काने चित्रे सकाळी दहाला, पूर्वेच्या खिडकीशी बसून पाहिली. हत्तीचे चित्र तिने डोळ्यांच्या कडेला धरले आणि मान हळूहळू फिरविली. “हा पांढरा कोण?” “मीच, अक्का.” तिने बोटांनी माझी उंची मोजली, तेच माप हत्तीवर ठेवले आणि म्हणाली, “सावली याच बाजूला होती.” जिन्याच्या रेषा तिने एकेक करून मोजल्या. आंब्याचे झाड मात्र तिला दिसले नाही. बराच वेळ प्रयत्न करून तिने ते चित्र माझ्या हाती दिले आणि म्हणाली, “तू सांग.” मी सांगू लागलो. फांदी कोठून निघते, फळे कशी लोंबतात, सिंह कोणत्या बाजूला पाहतो, हे सारे मला सांगता आले, कारण त्या एका चित्रासाठी मी त्या शिल्पासमोर अर्धा तास बसलो होतो.

जुन्या वर्णनाची जागा छायाचित्राने पूर्णपणे घेतली आहे, असे मला आता वाटत नाही. कॅमेऱ्याच्या निमित्ताने माणूस एका ठिकाणी थांबला, तर सांगण्याजोगे काही त्याच्यापाशी साठते. आपल्या प्रत्येकाच्या घरी कोणीतरी गुडघ्यांमुळे, डोळ्यांमुळे किंवा दुकानामुळे मागे राहिलेले असते. पुढच्या प्रवासाची पिशवी भरण्यापूर्वी त्या व्यक्तीपाशी घटकाभर बसावे आणि तिला काय पाहावयाचे आहे ते विचारावे. अक्काने पुढची मागणी नोंदविलेली आहे: हरिपूरचा कृष्णा-वारणेचा संगम, पावसाळ्यात, दोन्ही पाण्यांचे रंग वेगळे दिसतील असा. आषाढ लागण्याची मी वाट पाहत आहे.