हौगांगची लायब्ररी आणि एक राहिलेलं पुस्तक

सिंगापूरला आलेल्या पाहुण्यांना आपण मर्लायन दाखवतो, सेंटोसाला नेतो. हौगांगला कुणी नेत नाही. ईशान्येकडची ही साधी, घरगुती वस्ती. तिओच्यू बोलीत 'आउ कांग' म्हणजे नदीची मागची बाजू. त्याचंच मँडरिन रूप हौगांग. पूर्वी या भागात वराहपालन चालायचं, आता एचडीबीच्या इमारती आहेत. आमच्या पाहुण्यांना मी हौगांग मॉलमधली चेंग सान लायब्ररी दाखवते. बिचारे कौतुकाने बघतात!

मी साताऱ्याला इंग्रजी शिकवायचे. यांच्या नोकरीमुळे इथे आलो आणि माझं शिकवणं थांबलं. मुलाला बालवाडीत सोडलं की मी लायब्ररीत. तिथेच एक जुनं देणं फेडलं. एम.ए.ला मी 'मिडलमार्च'वर लांबलचक उत्तर लिहिलं होतं, चक्क गाईड वाचून. कादंबरी उघडलीही नव्हती. ती पूर्ण वाचली हौगांगमध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी. गाईडमध्ये डोरोथियाच्या आदर्शवादाचे पाच मुद्दे होते. लग्नानंतर नवऱ्याबरोबर रोमला गेलेली आणि खोलीत एकटीच रडणारी डोरोथिया त्यात नव्हती. माझा नवरा तिच्या नवऱ्यापेक्षा पुष्कळ बरा आहे, पण परक्या शहरातली ती दुपार मला ओळखीची वाटली.

गेल्या वर्षी खालच्या मजल्यावरची मराठी मैत्रीण काळजीत होती. लेक सेकंडरी टूला, पुढचे विषय निवडायचे होते.

"साहित्य घेते म्हणतेय. ताई, तुम्हीच समजवा. त्यात मार्क मिळत नाहीत हो!"

ही भीती तिची एकटीची नाही. १९९२ साली इथे ओ लेव्हलला साहित्य हा पूर्ण विषय घेणारे सुमारे १७ हजार विद्यार्थी होते. २०१२ साली उरले सुमारे ३ हजार. २००१पासून सोशल स्टडीज सक्तीचा झाला आणि त्याला जोडून साहित्य अर्धा विषय म्हणून घेता येऊ लागलं. शिवाय पेपरात कधीही न वाचलेली कविता येते, तिथे पाठांतर कामाला येत नाही.

मी समजवायला गेले आणि मुलीच्याच बाजूची झाले. तिच्या टेबलावर ट्यूशनच्या छापील नोट्स होत्या. मला माझं गाईड आठवलं. मी एकच अट घातली: नोट्स मिटायच्या आणि कविता आधी मोठ्याने वाचायची. लायब्ररीत ते जमणार नाही, म्हणून दर शुक्रवारी संध्याकाळी आम्ही व्हॉइड डेकवरच्या टेबलाशी बसू लागलो.

एकदा आर्थर याप या सिंगापुरी कवीची 'टू मदर्स इन अ एचडीबी प्लेग्राउंड' निघाली. मैदानात बसलेल्या दोन आया इथल्या बोलीतल्या इंग्रजीत आपापल्या मुलांची फुशारकी मारतात. वाचता वाचता पोरगी हसायला लागली. "मावशी, ह्या तर तुम्ही दोघी!" तिची आई शेजारीच भाजी निवडत होती. आधी चपापली, मग म्हणाली, "पुन्हा वाच गं."

शेवटी तिने साहित्य अर्धा विषय म्हणून घेतलं. मला पूर्ण हवं होतं, तिच्या आईला मुळीच नको होतं. असो.

तुमच्या घरी असं वाचणारं पोर असेल, तर नोट्स विकत घेण्याआधी लायब्ररीचं कार्ड काढा. पुस्तकं तीन आठवडे ठेवता येतात. याप, एडविन थंबू वाचू द्या. आणि अरुण कोलटकरांचं इंग्रजी 'जेजुरी'सुद्धा. आपल्या मुलांना इथल्या शाळेत मातृभाषा म्हणून मराठी घेता येत नाही. बहुतेकांच्या वाट्याला हिंदी येते. इंग्रजीत आणि मराठीतही तितक्याच ताकदीने लिहिणारा आपला एक कवी होता, हे त्यांना कळायला हवं.

आमचा शुक्रवार अजून चालू आहे. मैत्रीण हल्ली चहाचा थर्मास घेऊन येते, आणि कविता निवडायचा हट्टही तीच करते.