पहिलीला कोण आहे?

१९८१ च्या मार्च महिन्यात आमच्या घरात रात्रीच्या जेवणानंतर एकच विषय चालायचा: मला शाळेत कुठं घालायचं. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आम्ही दोन खोल्यांत राहायचो. वडील शिवाजी उद्यमनगरात लेथवर कामाला होते, आई घरी ब्लाउज शिवायची. घरापासून हाकेच्या अंतरावर महापालिकेची मराठी शाळा होती. कोल्हापूरला महानगरपालिका १९७२ साली झाली, पण गल्लीत सगळे म्हणायचे ‘म्युन्शिपाल्टीची शाळा’. पाडव्याला नाव घालायचं असा रिवाज, आणि पाडवा तोंडावर आला होता.

त्या शाळेबद्दल ऐकू येईल ते वाईटच. तिथं पोरं शिव्या शिकतात. मास्तर वर्गात सापडत नाहीत, कधी इलेक्शनला जातात, कधी खानेसुमारीला. बसायला बाकं नाहीत, तागाच्या पट्ट्या आहेत. पाढ्यांचा आरडाओरडा चौकापर्यंत येतो, घोकंपट्टीशिवाय दुसरं काही नाही. आणि इंग्रजी थेट पाचवीत! ही शेवटची गोष्ट तर खरीच होती, तेव्हा राज्यातल्या सगळ्याच मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. उद्यमनगरात वडिलांचे सोबती त्यांना रोज विचारायचे, “कुटं घालतोयस पोराला?” आणि उत्तराची वाट न बघता एका नावाजलेल्या खासगी शाळेचं नाव सुचवायचे. तिथं टाय होता, बूट होते, न्यायला-आणायला रिक्षा होती. वडिलांनी त्यासाठी पैसे बाजूला काढायला सुरुवातही केली होती.

आईच्या एक गोष्ट लक्षात आली होती. शाळेला नावं ठेवणाऱ्यांपैकी एकाचंही पोर त्या शाळेत नव्हतं. ज्यांची होती ते गप्प असायचे, त्यांना कुणी विचारतच नव्हतं. मग तिनंच शेजारच्या काकूंना विचारलं. त्यांचे दोन्ही मुलगे तिथं शिकत होते. काकू म्हणाल्या, “वहिनी, शिव्या माझ्या पोरांनी गल्लीतच उचलल्या. शाळंनं त्यांस्नी वाचायला शिकवलं. थोरला मला रोज पेपर वाचून दाखवतोय.” काकूंना स्वतःला वाचता येत नव्हतं. त्यांच्या या तीन वाक्यांचं माझ्यावर किती मोठं देणं आहे, हे मला फार उशिरा समजलं.

इथं माझी अडचण सांगितली पाहिजे. मी बोलताना अडायचो. काही अक्षरांवर जीभ थांबायची, आणि सगळ्यात जास्त अडायचो ते स्वतःचं नाव सांगताना. घरच्यांना त्याची सवय झाली होती. मी सुरुवात करायचो, शब्द आई पुरा करायची.

खासगी शाळेत मला भेटीला नेलं, तेव्हा टेबलापलीकडून नाव विचारलं गेलं. मी पहिल्याच अक्षरावर अडकलो. समोरच्या व्यक्तीनं वडिलांकडे बघून विचारलं, “काही दोष आहे का?” आणि नाव त्यांच्याकडूनच घेऊन फॉर्मवर लिहिलं. प्रवेश मिळत होता. इमारत निधी भरला की झालं. वडील येताना समाधानात होते. आई रस्ताभर बोलली नाही.

रात्री ती म्हणाली, “त्या बाईनं वाट बघितली हुती.”

“कुठली बाई?”

“खानेसुमारीची. म्युन्शिपाल्टीच्या शाळंत हाय ती. मी जाऊन बघून येतो.”

महिनाभरापूर्वी, फेब्रुवारीत, १९८१ ची जनगणना झाली होती. शाळांचे शिक्षक कागदांची चळत काखेत घेऊन दारोदार फिरत होते. आमच्या गल्लीला आलेल्या बाई उंबऱ्याजवळ पाटावर बसल्या आणि एकेकाची माहिती विचारू लागल्या. नाव, वय, मातृभाषा, लिहिता-वाचता येतं का, शाळेत जातो का. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी आईला न विचारता मला विचारलं. मी अडलो. आई नेहमीप्रमाणे पुढं सरसावली, तर बाईंनी हातानंच तिला थांबवलं. उन्हात आणखी कितीतरी घरं राहिली होती, तरी त्या पेन उघडं धरून माझ्याकडे बघत बसून राहिल्या, चेहऱ्यावर कसलीही घाई नाही. माझं नाव माझ्या तोंडून पूर्ण बाहेर पडलं, तेव्हाच त्यांनी ते लिहिलं. मला हे अंधूक आठवतं. आईला मात्र शेवटपर्यंत लख्ख आठवत होतं. ज्या खानेसुमारीपायी मास्तर वर्गात नसतात म्हणून शाळा बदनाम होती, तीच त्या बाईंना आमच्या उंबऱ्यापर्यंत घेऊन आली होती.

आई दुसऱ्या दिवशी शाळेत गेली. मुख्याध्यापकांना तिनं शाळा कशी आहे असं विचारलं नाही. तिनं विचारलं, “जूनला पहिलीला कोण हाय?” हा प्रश्न तिला कसा सुचला असेल याचं मला आजही नवल वाटतं. पहिलीचा वर्ग घेतलेले शिक्षक अनेकदा तोच वर्ग चौथीपर्यंत पुढं नेतात. म्हणजे पहिलीला कोण आहे, याच्या उत्तरात मुलाची चार वर्षं येतात. खानेसुमारीच्या बाईंचा चौथीचा वर्ग बाहेर पडत होता आणि जूनला त्या पहिली घेणार होत्या. आई त्यांच्या वर्गाच्या दाराशी गेली आणि म्हणाली, मागच्या ओळीतल्या एखाद्या लेकराला वाचायला सांगाल का? बाईंनी भिंतीकडेला बसलेल्या एका मुलीला उभं केलं. बालभारतीच्या पुस्तकातला धडा ती बोट धरून, सावकाश, पण न चुकता वाचत गेली. आई स्वतः चौथी शिकलेली होती. चौथीचं वाचन कसं असतं हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. पुढच्या ओळीतली हुशार पोरं कुठल्याही शाळेत वाचतात, शाळा काय करते ते मागच्या ओळीत दिसतं, असा तिचा हिशेब होता. नंतर शिक्षणावरचे कितीतरी अहवाल माझ्या वाचनात आले. त्यांतले चांगले अहवालही मुलाच्या पुढ्यात पुस्तक ठेवून त्याला वाचता येतं का, हेच बघतात.

वडील मात्र मानायला तयार नव्हते. चार माणसांत मान खाली जाईल, ही त्यांची खरी भीती होती. शेवटचा शब्द आजोबांचा पडला. ते करवीर तालुक्यातल्या एका खेड्यात वाढलेले. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या आईबापांना महिन्याला १ रुपया दंड ठेवला. त्या काळी शेतकऱ्याला १ रुपया म्हणजे मोठी रक्कम. आजोबांना त्यांच्या वडिलांनी त्या दंडाच्या धाकानं शाळेत घातलं होतं, आणि घराण्यात अक्षरं लिहिणारा पहिला माणूस तो. आजोबा वडिलांना एवढंच म्हणाले, “मी सरकारी शाळंतच शिकलो. त्यात तुझी मान खाली गेली काय?”

पाडव्याला माझं नाव म्युन्शिपाल्टीच्या शाळेत घातलं.

आता त्या आरड्याओरड्याबद्दल, ज्याला सगळे घोकंपट्टी म्हणायचे. बाईंच्या वर्गात दिवस सुरू व्हायचा तो सगळ्यांनी एका सुरात म्हणण्यानं: पाढे, कविता, बाराखडी. पहिल्या आठवड्यातच मला जाणवलं की सगळ्यांबरोबर म्हणताना मी अडत नाही. एकट्यानं ‘बे’ म्हणताना घाम फुटायचा, पण साठ पोरांच्या आवाजात माझा ‘बे एके बे’ पाण्यासारखा वाहायचा. बाईंनीही ते हेरलं. त्यांनी कसलंही बोलून न दाखवता हळूहळू माझ्याभोवतीचे आवाज कमी केले. आधी सगळा वर्ग. मग फक्त आमची रांग. मग मी आणि शेजारचा मित्र, दोघांनी मिळून. मग “तू सुरू कर, मी तुझ्या मागून येते.” बाई बरोबर म्हणत असायच्या, आणि मधेच कधीतरी त्यांचा आवाज थांबलेला असायचा. मी तसाच पुढं म्हणत गेलेलो असायचो. वर्गातलं कुणी हसलं, तर त्या त्याला रागवायच्या नाहीत, उठवून माझ्या जोडीला बसवायच्या आणि म्हणायच्या, “आता दोघांनी म्हणा.” दोघांनी म्हटल्यावर हसण्याचं कारणच उरायचं नाही.

नोकरी लागल्यावर पुण्यात एका वाचा-उपचारतज्ज्ञांकडे गेलो. तोतरेपणा असलेली बहुतेक माणसं इतरांच्या सुरात सूर मिळवून बोलताना अडत नाहीत आणि उपचारात त्याचा उपयोग करतात, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. मी त्यांना म्हटलं, हा उपचार माझ्यावर पहिलीतच झाला आहे. बाईंनी त्याचं कुठलं पुस्तक वाचलं असेल असं मला वाटत नाही. त्यांना पोर दिसलं होतं, एवढंच. बोलणं पूर्ण मोकळं झालं नाही, आजही नवख्या माणसाला फोनवर नाव सांगताना क्षणभर थांबतो. पण मी बँकेच्या काउंटरवर नोकरी करू शकलो, रोज अनोळखी माणसांशी बोलू शकलो, त्याचं मूळ त्या वर्गात आहे.

शाळेत कमतरता नव्हती असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात एका खोलीचं छप्पर गळायचं. निवडणुका आल्या की दोन वर्ग एकत्र बसायचे. पाण्याच्या टाकीचा नळ कायम गळका. तो नळ वडिलांनी एका रविवारी बसवून दिला, स्वतःच्या लेथवर कातलेला भाग घालून. मग खिडकीचे गज, मग फळ्याचं स्टँड. जी शाळा सांगायला त्यांना लाज वाटत होती, तिची दुरुस्ती करता करता ते उद्यमनगरात तिच्याविषयी अभिमानानं बोलू लागले. पुढच्या पाडव्याला त्यांच्या दोन सोबत्यांची मुलं आमच्या शाळेत आली. वडिलांनी त्यांना उपदेश केला नाही, बरोबर नेऊन वर्ग दाखवले.

चौथीच्या स्कॉलरशिपसाठी बाई शाळा सुटल्यावर जादा तास घ्यायच्या. फी नाही. मागच्या ओळीतल्या मुलांनाही बसायची मुभा, किंबहुना आग्रह. मला स्कॉलरशिप मिळाली नाही, काकूंच्या धाकट्याला मिळाली. त्या दिवशी काकूंनी गल्लीत पेढे वाटले, आणि ज्यांनी शाळेला सगळ्यात जास्त नावं ठेवली होती त्यांच्या दारी आधी गेल्या.

२०१२ साली माझ्या मुलीच्या प्रवेशाची वेळ आली. तोवर राज्यात पहिलीपासून इंग्रजी येऊन बारा वर्षं झाली होती, सेमी इंग्रजीचे वर्ग निघाले होते, आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या पिवळ्या बसगाड्या आमच्या गल्लीत शिरत होत्या. माझ्या जुन्या शाळेचा पट फार उतरला होता. पण याच कोल्हापुरात जरगनगरच्या महापालिकेच्या शाळेत मुलांची नावं घालायला पालक पाडव्याच्या आदल्या रात्रीपासून रांगा लावतात, हे दरवर्षी वर्तमानपत्रात येतं. पालिका तीच, पुस्तकं तीच, फी दोन्हीकडे नाही. मग एका शाळेपुढं रांग आणि दुसरीत पट ओसरलेला, हे कशानं होतं? माझं मत असं की शाळेचं नाव काही शिक्षकांच्या वर्षानुवर्षांच्या मेहनतीवर उभं राहतं, आणि पालकांनी पाठ फिरवली की त्या मेहनतीलाही आधार उरत नाही. चांगल्या शिक्षकांच्या वर्गातही मग दहाच मुलं उरतात.

बायकोला इंग्रजी माध्यम हवं होतं आणि तिची काळजी खोटी नव्हती. मुलगी पुढं मागं पडली तर? आम्ही पुष्कळ दिवस बोललो. आई तेव्हा थकली होती, तरी म्हणाली, “मला घेऊन चला.” आम्ही तीन शाळा पाहिल्या, दोन खासगी आणि एक महापालिकेची. तिन्ही शाळांच्या दारात आईनं एकच प्रश्न विचारला. एका ठिकाणी उत्तर मिळालं, “अजून नेमणूक व्हायचीय.” दुसऱ्या ठिकाणी वर्गापर्यंत जाऊच दिलं नाही. महापालिकेच्या शाळेत एक तरुण शिक्षक पुढं आले आणि म्हणाले, “मीच आहे आजी, या, बसा.” मुलगी त्यांच्या वर्गात गेली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. मी त्या समितीवर गेलो, रिकाम्या जागेवर शिक्षक मिळावा म्हणून पालिकेत खेटे घातले. या कायद्यानं शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामं लावायला बंदी केली, पण जनगणना, निवडणुका आणि आपत्ती यांना सूट ठेवली. समितीत यावरून तक्रारी निघत. मी त्यात कधी बोललो नाही.

बाई निवृत्त झाल्यावर मी अधूनमधून त्यांच्याकडे जायचो. त्यांना खानेसुमारीची ती दुपार आठवत नव्हती. मी सांगितल्यावर म्हणाल्या, “अरे, नाव चुकीचं लिहिलं असतं तर मला परत यावं लागलं असतं.” त्या आता नाहीत. काकू आहेत. त्यांचा थोरला रविवारी आला की अजून त्यांना पेपर वाचून दाखवतो.

दर वर्षी पाडव्याच्या आधी गल्लीतलं कुणी ना कुणी मला विचारायला येतं, शाळा कशी आहे हो? मी मत सांगत नाही. वर्ग चालू असतील अशा वेळी त्यांना घेऊन जातो, मुख्याध्यापकांना पहिलीचं विचारायला लावतो, मागच्या ओळीपर्यंत नेऊन उभं करतो. यंदा उद्यमनगरात काम करणारा एक तरुण आणि त्याची बायको आली होती. त्यांनी वर्ग पाहिला, वाचन ऐकलं, शिक्षिकेशी बराच वेळ बोलले. दुसऱ्या शाळेत त्यांनी पैसे भरून ठेवले आहेत. अजून त्यांचं ठरलेलं नाही.