दोन गुणांचा प्रश्न

सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत मी सव्वीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवला. ‘सिमला करारावर टीप लिहा’ हा प्रश्न मुलांकडून मी घोटून घ्यायचो. 2 जुलै 1972, इंदिरा गांधी, झुल्फिकार अली भुट्टो, युद्धबंदी रेषेच्या जागी नियंत्रण रेषा. चार मुद्दे, दोन गुण. निवृत्त झाल्यावर एका ऑगस्टमध्ये लडाखमधल्या तुरतुकला गेलो, तेव्हा त्या टिपेत काय सुटलं होतं ते कळलं.

लेहहून खारदुंग-ला ओलांडायचा, नुब्रा खोऱ्यात उतरायचं आणि श्योक नदीच्या काठाने पुढे जात राहायचं. सुमारे दोनशे किलोमीटरवर, उघड्याबोडक्या डोंगरांच्या पायथ्याशी हे हिरवं गाव लागतं. घराघरांशेजारून पाटाचं पाणी वाहतं, शेतात कुट्टू फुललेला असतो, धाब्यांवर जर्दाळू वाळत असतात. इथले लोक मुसलमान, त्यांची भाषा बाल्टी. ती तिबेटी कुळातली.

ज्या घरी उतरलो, तिथले आजोबा ऐंशीच्या घरातले. हिंदी-उर्दू मिसळून बोलायचे. त्यांचा जन्म जम्मू-काश्मीरच्या महाराजांच्या राजवटीतला. तेव्हा लेह, कारगिल आणि स्कर्दू मिळून एकच लडाख वजारत (जिल्हा) होती. वजीर उन्हाळ्यात लेहला बसे, हिवाळ्यात स्कर्दूला. पुढे 1947-48 चं युद्ध झालं, 1 जानेवारी 1949 ला ते थांबलं आणि जुलैत कराचीच्या कराराने युद्धबंदी रेषा ठरली. स्कर्दूसह तुरतुक पाकिस्तानच्या ताब्यात राहिलं.

1971 च्या डिसेंबरातल्या भारत-पाक युद्धात भारतीय सैन्यातल्या मेजर चेवांग रिंचेन यांच्या तुकडीने कडाक्याच्या थंडीत चालुंका, तुरतुक, त्याक्षी ही गावं घेतली. 17 डिसेंबरला युद्ध थांबलं. सिमला कराराने आंतरराष्ट्रीय सीमेवरचा जिंकलेला मुलूख परत गेला. जम्मू-काश्मीरमध्ये मात्र 17 डिसेंबरला ज्याच्या हाती जे होतं ते त्याच्याकडेच राहिलं. तुरतुक भारतात आलं.

हे सगळं मला तारखांसकट पाठ होतं. आजोबांनी सांगितलं ते पाठ नव्हतं. त्यांचा धाकटा भाऊ त्या हिवाळ्याआधी मजुरीला स्कर्दूला गेला होता. घरात त्याच्या वाटणीचं धान्य भरून ठेवलं होतं. बर्फ वितळल्यावर तो यायचा होता. बर्फ वितळलं, पण वाट बंद झाली होती. कामाला, शिक्षणाला गेलेली गावातली आणखीही माणसं अशीच पलीकडे राहून गेली. श्योक नदी वाहत वाहत स्कर्दूच्या अलीकडे सिंधूला मिळते. माणसाला मात्र तिथे जायचं तर व्हिसा काढून वाघ्यावरून लाहोर, तिथून पुन्हा उत्तरेला, असा दोनेक हजार किलोमीटरचा वळसा घ्यावा लागायचा. आजोबांची आई धाकट्याचं तोंड न बघताच गेली. तिच्या मरणाचं पत्र भावाला कित्येक महिन्यांनी मिळालं.

ते सांगत होते आणि जर्दाळूच्या बिया दगडाने फोडून आतला गर माझ्या हातावर ठेवत होते. मी विचारलं, “आजोबा, तुम्हाला तिकडे बरं वाटायचं की इकडे?”

त्यांचा हात थांबला. “2010 मध्ये गाव प्रवाशांना खुलं झालं. तेव्हापासून येणारा प्रत्येक जण हेच विचारतो,” ते म्हणाले. “भावाचं नाव काय, हे कुणी विचारत नाही.”

मीही विचारलं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी नियंत्रण रेषेजवळच्या थांग गावाला गेलो. तिथून दुर्बिणीतून पलीकडचं गाव दिसतं. प्रवासी त्यात चौक्या शोधत होते. मला तसाच पाट दिसला, तशीच दगडी कुसवं आणि तशीच जर्दाळूची झाडं. परतल्यावर आजोबांना भावाचं नाव विचारलं. त्यांनी ते सांगितलं, आणि मग तासभर भावाबद्दलच बोलत राहिले.

तुरतुकला जाल तर जरूर जा, पण तिथल्या माणसांची निष्ठा तपासायला जाऊ नका. तुमचं कोण पलीकडे आहे, एवढंच विचारा आणि ऐकून घ्या. माझ्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती आहे. सिमला कराराचे चार मुद्दे फळ्यावर लिहून झाले की पाच मिनिटं राखा आणि मुलांना या गावाची गोष्ट सांगा. मी सव्वीस वर्षं ती सांगितली नाही.