७६७च्या पलीकडे

आम्ही मराठी शिकवणारी माणसे. संगणकाशी आमचा संबंध गुणपत्रिका भरण्यापुरता. तरीही तळहाताएवढ्या एका एआरएम बोर्डाशी आमची गाठ पडली. विद्यार्थ्यांनी आपापल्या आज्यांकडून ध्वनिमुद्रित करून आणलेल्या जात्यावरच्या ओव्या ग्रंथालयात इंटरनेटविना ऐकता याव्यात, एवढाच हेतू होता.

बोर्डावर लिनक्स होते आणि त्याची बहुतेक हत्यारे ‘बिझीबॉक्स’ नावाच्या एकाच फाइलीत सामावलेली होती. डेबियनची प्रतिष्ठापना एका फ्लॉपीवरून करता यावी म्हणून ब्रूस पेरेन्स यांनी १९९५ साली हे लिहायला घेतले. हा एक बहुरूपीच आहे: ‘एलएस’ नावाने हाक मारली की यादी देतो, ‘सीपी’ म्हटले की नक्कल करतो. नावे अनेक, देह एक.

आम्ही यादी मागितली. ‘जाते’ या फोल्डरच्या जागी चार प्रश्नचिन्हे उमटली. आज्यांच्या नावांचेही तेच झाले. एका विद्यार्थिनीने पडद्याकडे पाहून विचारले, “यातली माझी आजी कोणती?” आमच्यापाशी उत्तर नव्हते.

इलेक्ट्रॉनिक्सच्या सहकाऱ्यांनी बिझीबॉक्स नव्याने बांधायला बसवले. ‘मेक मेन्यूकॉन्फिग’ म्हणताच पर्यायांची लांबलचक यादी उघडली. तीत युनिकोडखाली एक आकडा होता: ७६७. याहून मोठ्या क्रमांकाचे अक्षर छापण्याजोगे नाही, असे गृहीत धरून त्याजागी ६३ क्रमांकाचे चिन्ह, म्हणजे प्रश्नचिन्ह, ठेवायचे. देवनागरी सुरू होते २३०४ला. यात आकस नव्हता. अक्षरांच्या रुंदीचे तक्ते जागा खातात आणि इथे बाइटन्‌बाइट मोजून वापरायची असते.

७६७च्या जागी शून्य घातले, म्हणजे सीमाच काढली. लॅबमधल्या संगणकावर एआरएमसाठी पुन्हा संकलन केले. ‘ओवी’ धडधाकट परतली. ‘जाते’ मात्र ‘जात?’ असे उमटले! काना वाचला, मात्रा गेली. काना आणि वेलांटी यांना हा कार्यक्रम रुंदी देतो. मात्रा, उकार, अनुस्वार त्याच्या लेखी शून्य रुंदीचे, आणि शून्य रुंदीची चिन्हे छापण्याचा पर्याय निराळा. जात्याविषयी विचारावे तर यंत्राने जात विचारावी, यावर आम्ही हसलो; पण ते हसू फार टिकले नाही. तो पर्याय निवडून पुन्हा बांधल्यावर सारी नावे जागच्या जागी आली.

त्या संध्याकाळी ओव्यांची आमची लिखिते तपासताना ध्यानात आले, की आज्यांचे ‘व्हतं’ आम्ही सर्वत्र ‘होतं’ करून टाकले होते. कोणी सांगितले नव्हते. आमच्या मनातला तो पूर्वनिश्चित आकडाच होता. यंत्राने निदान प्रश्नचिन्ह ठेवून काही गाळल्याची खूण तरी राखली होती; आम्ही तीही राखली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून ध्वनिफिती पुन्हा ऐकायला घेतल्या.